झिदेनित्सेच्या छावणीवर सत्तर जण

तारीख २१ जानेवारी १९३३, मध्यरात्रीचा सुमार. तुम्ही चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराच्या कडेला, झिदेनित्से उपनगरात काळोखात उभे आहात. थंडीनं बोटं बधिर झाली आहेत. आजूबाजूला सत्तरएक माणसं, बहुतेक हातावर पोट असलेली. मंदीनं गिरण्या थंडावल्यात, देशातल्या बेकारांचा आकडा नऊ लाखांवर चाललाय. पुढे आहे राखीव दलातला लेफ्टनंट लादिस्लाव कोब्सिनेक. आज रात्री देशभर छावण्या उठणार, सकाळी राज्य आपलं, असं तुमच्या कानावर घातलं गेलंय. तुमचा विश्वास बसतो. रिकाम्या पोटी तो लवकर बसतो.

समोर ४३ व्या पायदळ रेजिमेंटची छावणी. तुम्ही आत घुसता. पहारेकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली जातात, कोठारातल्या रायफली हातात येतात. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं. आता झोपेतून उठलेले शिपाई तुम्हाला सामील व्हायला हवेत. ते होत नाहीत. कुणीतरी इशारा देतं, पोलीस पोचतात, गोळ्या सुटतात. तुमच्यातला एकजण मरतो, बाकीचे वाट फुटेल तिकडे पळतात. देशात दुसरी एकही छावणी हललेली नाही. फॅसिस्टांचं हे बंड तासाभरात आटोपलं.

कोब्सिनेकच्याही वर तुमच्या पक्षाचा नेता कोण, हे बघायला जरा मागे चला. डिसेंबर १९१८, उरल पर्वताजवळचं पेर्म शहर. रशियातल्या चेकोस्लोव्हाक सैन्यदलातला सव्वीस वर्षांचा जनरल रादोला गायदा बोल्शेविकांकडून हे शहर जिंकतो. जन्मनाव रुडॉल्फ गाइडल, जन्म अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या कोटोरचा. धाडस अफाट, वरिष्ठांचं ऐकायची सवय मात्र जवळपास नाहीच. मायदेशी आल्यावर तो लष्कराच्या हंगामी प्रमुखपदापर्यंत पोचतो.

१९२६ च्या उन्हाळ्यात प्रागमध्ये उतरलात, तर कॉफीहाउसात एकच विषय ऐकू येईल: गायदा बंड करणार म्हणे. सोव्हिएतांना लष्करी गुपितं दिल्याचा आरोपही त्याच्यावर येतो. अध्यक्ष मासारिक आणि परराष्ट्रमंत्री बेनेश यांचा त्याच्यावर भरवसा उरलेला नाही. त्याला पदावरून काढतात. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅसिस्ट समाज या पक्षाला आयताच नेता मिळतो. मुसोलिनीच्या नमुन्यावर काळे सदरे, आणि शिव्या तिघांना: जर्मनांना, ज्यूंना आणि मासारिकांच्या गोटाला. सप्टेंबर १९३० मध्ये प्रागला गेलात तर हीच मंडळी जर्मन बोलपटांविरुद्धच्या दंगलीत दिसतील. भुकेल्या माणसाला चित्रपटगृहाची काच फोडून काय मिळतं, हे मला कधी उमगलेलं नाही.

पुन्हा १९३३ मध्ये या. छावणीवरच्या हल्ल्यानंतर आठव्या दिवशी शेजारच्या जर्मनीत हिटलर चॅन्सेलर होतो. ब्रनोचा फार्स वर्तमानपत्रांत मागे पडतो. कोब्सिनेक युगोस्लाव्हियात पळतो, पकडून आणला जातो, बारा वर्षांची शिक्षा होते. गायदाला खालचं कोर्ट सोडतं, वरचं सहा महिने देतं. सत्तर जणांना गोळीच्या तोंडी देणाऱ्या पक्षाच्या नेत्याला सहा महिने! पक्षावर बंदीही येत नाही.

१९३५ ची निवडणूक. मतमोजणीपाशी थांबा, कारण हा पक्षाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस आहे. एक लाख सदुसष्ट हजार मतं, दोन टक्के. तीनशेच्या सभागृहात सहा जागा. त्याच दिवशी हेनलाइनचा सुडेटन जर्मन पक्ष चव्वेचाळीस जागा घेतो, आणि मतांच्या हिशेबात देशातला पहिला ठरतो. ज्या जर्मनांच्या नावानं तुम्ही नऊ वर्षं घसा कोरडा केलात, ते एका झेंड्याखाली उभे आहेत. तुमच्या चेक शेजाऱ्यांनी मात्र मत दिलं ते बहुतेक शेतकरी पक्षाला, समाजवाद्यांना, कम्युनिस्टांना.

१९३८ च्या शरदात म्युनिकचा करार होतो आणि सरहद्दीचा मुलूख हिटलरला जातो. करारावर सही करणाऱ्या फ्रान्स आणि ब्रिटनची पदकं गायदा संतापानं परत पाठवतो. संताप खरा होता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण नोव्हेंबरमध्ये त्याचा पक्षच एका मोठ्या सरकारी आघाडीत विरघळून जातो.

शेवटची उडी: १५ मार्च १९३९, प्राग. रस्त्यांवरून जर्मन फौजा चालल्यात, आणि गायदा एक राष्ट्रीय समिती काढून स्वतःला पुढारी म्हणवतोय. वाट बघा. जर्मन त्याला सत्ता देत नाहीत. त्यांना वृद्ध अध्यक्ष हाखा अधिक सोयीचा वाटतो, आणि आठवड्याभरात हाखा आपली वेगळी संघटना उभी करून गायदाला बाजूला सारतो. देशभक्तीचा मक्ता घेतलेल्या पक्षाचा नेता परकी फौज घरात शिरल्याच्या दिवशी खुर्ची शोधत होता. झिदेनित्सेत मेलेल्या त्या एका माणसापेक्षा मला हेच जास्त लाजिरवाणं वाटतं.

युद्धानंतर गायदाला अटक झाली. १९४७ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. तेवढी कोठडीत भोगून झाली असल्यामुळे तो लवकरच सुटला. १५ एप्रिल १९४८ रोजी तो वारला. त्याची कबर प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत आहे.