गारगोटी आणि हिरा

श्रोतेहो, भोर आणि वेल्ह्याकडच्या माणसांना गारगोटी काही नवी नाही. नांगरटीत एखादा चकाकणारा खडा वर येतो. पोरं तो शाळेत आणतात आणि विचारतात, "गुरुजी, हा हिरा तर नाही ना?" काचेवर ओढला, तर काचेवर रेघही उमटते. मग काय, गावभर बोभाटा!

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना इथेच थांबवावे. कठीणपणाच्या १० पायऱ्या धरल्या, तर काच साधारण साडेपाचवर, गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर. म्हणजे काचेवर रेघ दोघेही ओढतात. तोरणा-राजगडचा काळा पाषाण लाव्हारस थिजून झाला आणि त्याच्या पोकळ्यांत गारगोटी धरली. हिरा तिथला नव्हे. तो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल तयार होतो.

मग आपल्या मुलखात हिरे आले कुठून? भोरची नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. त्याच कृष्णेच्या काठी, पार खाली आंध्रात, कोल्लूरची प्रसिद्ध खाण होती. सतराव्या शतकात टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तिकडे हिंडला. त्याने लिहून ठेवले आहे, की खडा निर्मळ असेल तर इथले कारागीर त्याला जेमतेम घासत, कारण वजन घटायला नको. खड्यात डाग असला, की मात्र त्यावर बारीक बारीक पैलू पाडत, म्हणजे डाग नजरेआड होई. पाहिलंत ना, खोट झाकण्याची विद्या काही आजची नव्हे!

आता आपल्या नाशिकच्या हिऱ्याची हकिगत ऐका. हा हिरा त्र्यंबकेश्वराचा, असे परंपरा सांगते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचे वजन होते सुमारे ९० कॅरट. लंडनच्या जवाहिऱ्यांनी नव्याने पैलू पाडले; वजन ८० च्या आसपास आले. १८३७ साली तो ७,२०० पौंडांना विकला गेला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो पुन्हा कापला आणि उरला ४३.३८ कॅरट. निम्म्याहून अधिक हिरा भुकटी होऊन गेला! तरीही १९७० साली लिलावात त्याला ५ लाख डॉलर आले. वजन घटले, पण पाणी खुलले.

सोन्याचे तसे नाही. तोरण्याच्या डागडुजीत धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला, असे सांगतात. सोने वितळते, वाटता येते, कसोटीवर घासून त्याचा कस कळतो. हिऱ्याचे दोन तुकडे केले, तर मोल निम्मेही उरत नाही. म्हणून लग्नासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसा साठवला असेल, तर या दोहोंतला फरक आधी समजून घ्या.

पहिली गोष्ट, सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता. २२ कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम. दुसरी गोष्ट, "एक कॅरटचे हिरे" म्हटले, की एकच खडा की बारीक खड्यांची बेरीज, हे विचारा. त्याच प्रतीचा एक मोठा खडा चार लहान खड्यांपेक्षा पुष्कळ महाग असतो. तिसरी, वजनाबरोबर रंग, निर्मळपणा आणि पैलू हेही पाहायचे असतात. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली सगळेच चमकते; खडा खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहा. चौथी, कारखान्यात तयार केलेला हिराही खराच हिरा असतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, किंमत मात्र बरीच कमी असते. तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. पावतीवर सोन्याचे वजन वेगळे आणि हिऱ्याचे वेगळे लिहून घ्या. दागिना मोडायला आणला तर काय परत मिळेल, तेही त्याच वेळी विचारा.

विचारायला संकोच कसला? चार आण्यांचं मडकंसुद्धा आपण वाजवूनच घेत आलो आहोत.