चिपाडांचा कागद

गुऱ्हाळावर चिपाड टाकून देण्याची चाल कधींच नव्हती. रस निघाला कीं तें उन्हांत वाळतें, चुलवणांत जातें आणि त्याच्याच आंचेवर काईल उकळते. साखरेच्या कारखान्यांतहि हाच न्याय. चुलवणाच्या जागीं बॉयलर आला, इतकेंच. तेव्हां चिपाडांचा कागद करूं म्हणणाराला पेटत्या चुलींतलें जळण मागावें लागतें, आणि या धंद्याच्या इतिहासांतील बरीच ओढाताण एवढ्या एका गोष्टीनें झालेली आहे.

दुसरी अडचण चिपाडाच्या पोटांतच आहे. त्याच्या सालीकडील तंतु चिवट व कागदास उत्तम. पण आंतला गर भुसभुशीत, आणि तो सुक्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश भरतो. हा गर रसायनें फुकट पितो, पाणी सोडीत नाहीं आणि कागद ठिसूळ करतो. अमेरिकेंत लुइझियाना राज्यांत १९२० नंतर सेलोटेक्स कंपनीनें चिपाडांचे जाड तक्ते काढले व ते घरांच्या भिंतींना लागले. कागदाचा प्रश्न मात्र तेवढ्यानें सुटला नव्हता. पेरू देशांत पारामोंगा येथें ग्रेस कंपनीनें १९३९ सालीं आपल्या साखर कारखान्याला जोडून चिपाडांच्या कागदाची गिरणी चालू केली, तेव्हां हा धंदा व्यापारी तत्त्वावर उभा राहूं शकतो हें दिसून आलें.

लगदा करण्याच्या निरनिराळ्या रीतींत सर्वांत चतुर युक्ति नेपल्सच्या उंबेर्तो पोमिलिओची. मिठाच्या पाण्यांतून वीज सोडली कीं कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन वायु एकदमच निघतात. एक विकला तरी दुसऱ्याचें काय करावें, ही कारखानदाराची नेहमींची विवंचना. पोमिलिओनें दोन्ही एकाच कामास लाविले. प्रथम सौम्य सोड्यानें तंतु मऊ करावयाचे, मग त्यांवर क्लोरीन सोडावयाचा, शेवटीं पुन्हा सोड्यानें धुवावयाचे. मोठा दाब नको, फार उष्णता नको. पेंढ्यासाठीं वापरली जाणारी ही रीत पुढें फिलिपाइन्समधील बाईस येथें चिपाडांवरहि चालली. परंतु क्लोरीनमिश्रित सांडपाण्यांतून सोडा परत मिळविणें दुर्घट, आणि तें पाणी नदीस घातक.

सुदैवानें चिपाडाचा स्वभाव मवाळ आहे. लांकडाला जेथें कांहीं तास लागतात, तेथें तें साध्या सोड्यांत थोड्या मिनिटांत शिजतें. गंधकाची गरज नाहीं, म्हणून त्या दुर्गंधीपासूनहि सुटका. १९७७ नंतर सोड्यांत चिमूटभर अँथ्राक्विनोन घालण्याची रीत आली. तिनें तंतूंचा नाश आणखी कमी झाला.

उसाचा हंगाम थोड्या महिन्यांचा, कागदाची गिरणी बारमाही. कोरड्या गंजीला आग लागे, आणि उरलेली साखर आंबून तंतु कुजत. दक्षिण आफ्रिकेंत रिटर यांनीं चिपाडें भिजवून ओलींच रचून ठेवण्याची पद्धत काढली.

तामिळनाडूंत करूरजवळ पुगळूर येथें, राज्य सरकारनें १९७९ सालीं स्थापन केलेल्या कंपनीनें १९८४ पासून चिपाडांवर वृत्तपत्री कागद काढला. जळणाचा तंटा तिनें सरळ देवघेवीनें मिटविला: साखर कारखान्यांत कोळशाचे बॉयलर बसवून दिले, वाफ त्यांना, चिपाडें आपल्याला. तंतूंतून झाडून काढलेला गर पुन्हा भट्टींतच गेला. झाडें वाचलीं खरीं, पण त्यासाठीं खाणींतला कोळसा जळला. हा हिशेब जाहिरातींत सहसा येत नाहीं. आतां महाराष्ट्रांतील अनेक साखर कारखाने चिपाडांवर वीज करून विकतात, आणि कागदाच्या गिरणीला चिपाडें हवीं असल्यास त्या विजेच्या कमाईला पुरेल एवढा भाव मोजावा लागतो.