मसीहा आणि मेत्तेय्य

आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे वर्षावासातील एका प्रवचनानंतर एका वृद्ध उपासकांनी आम्हांस विचारले, "यहुद्यांचा मसीहा यावयाचा आहे, तसा आपला मेत्तेय्यही यावयाचा आहे. तोवर आपण वाट पाहावयाची काय?" प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर जुन्या ग्रंथांतूनच शोधणे इष्ट होय.

मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या हस्तलिखितांनी यहुदी धर्माच्या अभ्यासास नवे वळण दिले. तत्पूर्वी ज्ञात असलेली हिब्रू बायबलची प्रमुख हस्तलिखिते इ. स. दहाव्या-अकराव्या शतकांतील होती. कुमरान येथील यशयाची चर्मगुंडाळी इ. स. पू. दुसऱ्या शतकातील, सात मीटरांहून लांब आहे. 'मसीहा' म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. हिब्रू बायबलात हा शब्द राजे व पुरोहित यांस लावला आहे. यशयाच्या ग्रंथात तर इराणचा सम्राट कोरेश यासही. पुढे परकीय सत्तांच्या जाचाखाली त्यास भावी त्रात्याचा अर्थ आला, आणि तोही एकविध नव्हता. कुमरानच्या संघनियमांत अहरोनाचा व इस्राएलाचा असे दोन मसीहा अपेक्षिले आहेत.

ही अपेक्षा आपल्या कोकणासही अपरिचित नाही. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, नवगावजवळ जहाज फुटून पूर्वज किनाऱ्यास लागले तेव्हा सर्वस्व बुडाले, धर्मग्रंथही. परंतु यहुदी परंपरेत मसीहाचा अग्रदूत मानलेला एलियाहू हन्नाबी त्यांच्या घरी पोहे-खोबऱ्याच्या मलिद्यासमवेत आजही स्मरला जातो. पोथीवाचून श्रद्धा अशी टिकते, हे आम्हां पोथीपंडितांनी ध्यानात ठेवावे!

मेत्तेय्याचा उल्लेख दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात येतो. तेथील क्रम लक्षपूर्वक पाहावा. राजा निर्धनांस धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र व हत्या. मनुष्याचे आयुर्मान ऐंशी सहस्र वर्षांवरून दहा वर्षांवर येते. माणसे एकमेकांस श्वापदे समजून मारू लागतात. तेव्हा कोणीही त्राता अवतरत नाही. रानात लपून वाचलेली माणसे बाहेर येतात, एकमेकांस आलिंगन देतात आणि प्राणिहत्या सोडण्याचा निश्चय करतात. येथून आयुर्मान वाढू लागते. ते पुन्हा ऐंशी सहस्र वर्षे झाल्यावर, केतुमती नगरीत सङ्ख राजा असता, मेत्तेय्य येतो. कुमरानचा मसीहा संकटाचा अंत करण्यास यावयाचा होता. मेत्तेय्य येतो तो माणसांनी संकट स्वतः निस्तरल्यावर. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हा बाबासाहेबांनी दाखविलेला भेद येथे मुळातच आहे.

जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख याच दृष्टीने वाचावेत. शिवनेरीवर यवन इरिलाने दोन पाण्याची टाकी दिली, यवन चिताने संघास भोजनमंडप दिला. (हे यवन यहुदी होत, असे मात्र कोणी समजू नये.) मानमोडी येथे शक उपासक आडुथुम याने करंजाची झाडे लावण्यास वडालिका गावची वीस निवर्तने भूमी नेमून दिली. लेखांत आहे ते पाणी, अन्न, सावली. मेत्तेय्याचे नाव आम्हांस तेथे आढळले नाही.

हे सांगून झाल्यावर त्या उपासकांनी इरिलाची टाकी नेमकी कोठे आहेत, एवढेच विचारले. येत्या पौर्णिमेस आम्ही त्यांच्यासह शिवनेरी चढणार आहोत.