अजमलीन

अजमलीन : सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे अल्कलॉइड (वनस्पतिजन्य नायट्रोजनयुक्त संयुग). दिल्लीच्या करोल बागेतील तिब्बिया महाविद्यालयात १९३१ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले. हृदयाची अनियमित गती आवरणारे औषध म्हणून ते वापरात आले, तरी आज त्याचे खरे महत्त्व ब्रुगाडा लक्षणसमूह या सुप्त हृदयविकाराच्या निदानात आहे.

इतिहास : यूनानी व आयुर्वेद यांचे शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे म्हणून हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या या महाविद्यालयाची कोनशिला १९१६ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. परंपरागत औषधी आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासल्या जाव्यात, ही हकीमसाहेबांची इच्छा होती. ती फ्रँकफुर्टहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी तेथील संशोधन विभागात प्रत्यक्षात आणली. त्यांनी रफत हुसेन सिद्दिकी यांच्यासह सर्पगंधेतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांतील एकास १९२७ मध्ये निवर्तलेल्या हकीमसाहेबांचे नाव दिले. याच मुळीच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, मात्र तो परिणाम मुख्यत्वे रेसर्पिन या दुसऱ्या अल्कलॉइडामुळे होतो.

क्रिया व निदानातील उपयोग : हृदयपेशींच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांतून सोडियमाचे आयन वेगाने आत शिरले की विद्युत्-संदेश पुढे सरकतो; अजमलीन हे मार्ग काही काळ रोखते व संदेशाची गती मंदावते. पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ मध्ये आठ रुग्णांच्या आधारे वर्णिलेल्या विकारात हृदयाची रचना सहसा निर्दोष दिसते, पण जवनिकांचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) आकुंचन एकाएकी विस्कळीत होऊन, बहुधा विश्रांतीत वा झोपेत, मृत्यू ओढवू शकतो. काही रुग्णांत सोडियम-मार्गाच्या जनुकातच दोष असतो, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. अशा व्यक्तीचा ईसीजी एरवी सामान्य असू शकतो. शिरेतून सावकाश अजमलीन दिल्यावर आधीच क्षीण असलेला सोडियम-प्रवाह आणखी घटतो आणि छातीच्या उजव्या बाजूच्या लीडमध्ये (विद्युत्-नोंद घेणाऱ्या जोडणीत) एसटी खंड (ईसीजी आलेखाचा एक भाग) किमान २ मिलिमीटर उचलला जाऊन उतरत्या कमानीसारखा दिसू लागतो. औषधाचा प्रभाव अल्पकाळ टिकत असल्याने ही चाचणी सोयीची ठरते. तथापि तीच गंभीर अनियमितता उत्पन्न करू शकत असल्यामुळे ती डिफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयगती पूर्ववत करणारे यंत्र) सज्ज ठेवून, अखंड ईसीजी पाहतच केली जाते.

मर्यादा : निरोगी व्यक्तींतही काही वेळा चाचणी होकारार्थी येते. म्हणून केवळ औषधाने उमटलेल्या आलेखावर निदान पक्के न करता पूर्वी आलेली मूर्च्छा, कुटुंबातील अकाली आकस्मिक मृत्यू व जनुकीय तपासणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो, कारण या निदानावरच शरीरात डिफिब्रिलेटर बसवण्यासारखा आयुष्यभराचा निर्णय अवलंबून असतो.