खोंड द्यावे की राखावे?

वाचकहो, पेरणी तोंडावर आली आहे, वाफसा आला आहे आणि ऐन वेळी जोडीतला एक बैल बसला. घरी दावणीला एक उमदे खोंड आहे. त्याची छाती रुंद आहे, चाल चांगली आहे. पण खांद्याला अजून जू लागलेले नाही. शेजारच्या गावचा एक जण म्हणतो, "माझा जुळलेला बैल न्या. औताला सरळ चालतो, चार हंगाम कसलेला आहे. मात्र बदल्यात ते खोंड मला द्या." काय कराल? बैल घ्याल तर यंदाची पेरणी साधेल. खोंड राखाल तर यंदाचे नुकसान, पण पुढची दहा वर्षे घरची. आणि खोंड पुढे कसे निघेल, हे तर कुणीच सांगू शकत नाही.

हा पेच आपल्याला घरचा वाटतो. परंतु अमेरिकेत बेसबॉल नावाच्या खेळात दर वर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हाच पेच मोठमोठ्या शहरांतल्या संघांपुढे उभा राहतो. त्या खेळाच्या इतिहासातले काही सौदे आज आपण पाहू. खेळाची आवड नसली तरी हरकत नाही. माणसे निर्णय कसे घेतात आणि मागाहून आपण त्यांना कसे तोलतो, हा आपला खरा विषय आहे.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. आपल्या क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा बेसबॉलमध्ये पिचर. फरक एवढाच की तिथे सामन्याचा बहुतेक भार एकट्या पिचरवर पडतो. हाताला इतका ताण बसतो की, सामना सुरू करणारा पिचर पुढे चार-पाच दिवस विश्रांती घेतो. हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात. तेव्हा भरवशाचा एक पिचर हाती असणे म्हणजे दर पाच दिवसांनी एका सामन्याची निम्मी काळजी मिटणे होय.

प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांतले धाकटे संघ असतात. तिथे विशी-बाविशीची पोरे तयार होतात. १९२० च्या दशकात सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे कारभारी ब्रँच रिकी यांनी ही पद्धत पक्की बसवली. गंमत पाहा, अमेरिकन लोक या व्यवस्थेला 'फार्म' म्हणजे शेतच म्हणतात. आपली रोपवाटिका म्हणा ना! ज्या संघाला यंदाच अजिंक्यपद दिसत असते, तो या रोपवाटिकेतली रोपे देऊन दुसऱ्याकडचा कसलेला पिचर आणतो. ज्याचा हंगाम वाया गेलेला असतो, तो आपला पिचर देऊन रोपे घेतो.

या देवघेवीला मुदत का लागली, तीही हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९२२ साली न्यूयॉर्कच्या यँकी संघाने जुलैच्या उत्तरार्धात बोस्टनकडून जो ड्युगन हा चांगला खेळाडू उचलला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्याच जायंट्स संघाने बोस्टनच्या दुसऱ्या संघाकडून ह्यू मॅक्विलन हा पिचर घेतला. यँकींनी पहिला क्रमांक अवघ्या एका सामन्याच्या फरकाने राखला. मागे राहिलेल्या सेंट लुईसमध्ये ओरड झाली, की श्रीमंत संघ हंगाम संपता संपता विजय विकत घेतात. म्हणून १९२३ पासून १५ जून ही मुदत ठरली. १९८६ पासून ती ३१ जुलैवर गेली. त्यानंतरही, इतर संघांनी एखाद्या खेळाडूवर हक्क सांगितला नाही तर, ऑगस्टअखेरपर्यंत त्याची अदलाबदल करण्याची एक मागची वाट होती. ती २०१९ पासून बंद झाली.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. साल १९८७, गाव डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर. तिथला टायगर्स संघ १९८४ चा जगज्जेता. पण त्यातले मोहरे आता वयाने वाढत चालले होते. संधी होती ती आताच. त्या काळी २६ संघांतून फक्त चार गटविजेते पुढे जात. दुसरा आला तो घरी गेला. टायगर्सच्या गटात कॅनडातील टोरंटोचा संघ जोरात होता आणि डेट्रॉइटला पिचर कमी पडत होता.

अटलांटाच्या ब्रेव्हज संघाकडे डॉईल अलेक्झांडर होता. वय ३६, अनेक संघांतून फिरलेला, त्या वर्षी अटलांटात पाच जय आणि दहा पराजय. आकडे काही फार चांगले नव्हते, पण माणूस जुना, नेमका आणि न डगमगणारा. १२ ऑगस्ट १९८७ रोजी सौदा झाला. डेट्रॉइटने बदल्यात दिला वीस वर्षांचा एक पोरगा, जॉन स्मोल्ट्झ. हा मिशिगन राज्यातलाच, म्हणजे घरचाच. १९८५ च्या निवडीत टायगर्सनी त्याला थेट बाविसाव्या फेरीत घेतले होते. ग्लेन्स फॉल्सच्या धाकट्या संघात त्या साली त्याचे चार जय, दहा पराजय. दर नऊ डावांमागे त्याच्यावर साडेपाचांहून अधिक धावा होत होत्या. हातात वेग होता, नेम नव्हता.

पुढे काय घडले? अलेक्झांडर डेट्रॉइटकडून अकरा सामन्यांत उतरला, नऊ जिंकला, एकही हरला नाही. नऊ डावांमागे धावा अवघ्या १.५३. सप्टेंबरच्या शेवटी टोरंटोत सलग तीन सामने गमावून टायगर्स साडेतीन सामन्यांनी मागे पडले. चौथाही गेला असता तर खेळ खलास होता. २७ तारखेच्या त्या सामन्यात हा म्हातारा दहा डावांहून अधिक टिकून राहिला आणि तेराव्या डावात डेट्रॉइटने ३-२ असा सामना काढला. पुढच्या शुक्रवारी, २ ऑक्टोबरला, त्यानेच टोरंटोला हरवून बरोबरी साधली. रविवारी शेवटच्या दिवशी १-० अशा विजयाने डेट्रॉइटने गट जिंकला. टायगर्सचे ९८ जय, टोरंटोचे ९६. म्हाताऱ्याचे नऊ जय त्यात धरा आणि हिशेब तुम्हीच करा.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या फेरीत मिनेसोटाने टायगर्सना ४-१ असे हरवले आणि त्यातले दोन पराभव अलेक्झांडरच्या नावावर लागले. १९८८ साली त्याने बरी साथ दिली. १९८९ साली सहा जय, अठरा पराजय, आणि निवृत्ती. त्याच वर्षी डेट्रॉइटने १०३ सामने गमावले. पुन्हा वरच्या फेरीत पोचायला त्यांना २००६ साल उजाडावे लागले.

आणि ते खोंड? ते अटलांटाच्या औताला लागले. तेही लगेच नाही, बरे का! १९९१ च्या निम्म्या हंगामात स्मोल्ट्झ दोन जिंकून अकरा हरला होता. अटलांटाने धीर धरला. उरलेल्या हंगामात त्याने बारा जिंकले आणि फक्त दोन गमावले. १९९५ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. १९९६ साली २४ सामने जिंकून त्याने सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक घेतले. एकूण २१३ विजय त्याच्या खात्यावर जमा झाले आणि २०१५ साली कूपरस्टाउनच्या सन्मान-दालनात त्याचे नाव लागले.

आता लोक म्हणतात, "काय मूर्खपणा केला डेट्रॉइटने! हिरा देऊन काच घेतली." वाचकहो, मला हे म्हणणे पटत नाही. १२ ऑगस्टच्या सकाळी त्या हिऱ्यावर हिरा असे कुठे लिहिले होते? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. पण पाळण्यात तर शेकडो मुले असतात, आणि बहुतेकांचे पाय सारखेच दिसतात.

याची साक्ष २००८ सालच्या एका सौद्यात मिळते. मिलवॉकीच्या ब्रुअर्स संघाने त्या जुलैमध्ये क्लीव्हलँडकडून सी. सी. सबाथिया हा धिप्पाड पिचर आणला. बदल्यात दिलेल्या चार पोरांत मुख्य होता मॅट लापोर्टा. आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला, सगळ्यांच्या तोंडी नाव असलेला. चौथ्या पोराचे नाव तर सौद्याच्या दिवशी ठरलेही नव्हते. ते मागाहून, हंगाम संपल्यावर कळवले गेले. तो मायकेल ब्रँटली. घडले असे, की लापोर्टा मोठ्या खेळात रुजलाच नाही आणि मागाहून सांगितलेला ब्रँटली पुढे पाच वेळा वार्षिक ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. तिकडे सबाथियाने अकरा जिंकून दोन गमावले. शेवटी शेवटी तर नेहमीची विश्रांतीही न घेता तो उतरला आणि १९८२ नंतर प्रथमच मिलवॉकीला वरच्या फेरीत घेऊन गेला. संघ तिथे लगेच हरला, सबाथिया हिवाळ्यात दुसरीकडे गेला. पण सव्वीस वर्षे वाट पाहिलेल्या गावाला विचारा, की सौदा वाईट होता का!

मग कसलेला माणूस घेणे नेहमी शहाणपणाचे का? तसेही नाही. 'कसलेला' हा शब्दही फसवा आहे. शिकागोच्या कब्ज संघाने १५ जून १९६४ रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सेंट लुईसकडून अर्नी ब्रोग्लिओ हा पिचर घेतला. आदल्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले होते. दिला कोण, तर लू ब्रॉक. पायात वीज असलेला पण अजून न फुललेला. त्या दिवशी शिकागोनेच बाजी मारली, असे पुष्कळांना वाटले. परंतु ब्रोग्लिओचे कोपर दुखावलेले होते. शिकागोसाठी तो एकंदर सात सामने जिंकू शकला. ब्रॉकने त्याच वर्षी सेंट लुईसला अजिंक्यपद मिळवून दिले आणि पुढे ९३८ बेस चोरून सन्मान-दालन गाठले. बाजारात बैलाचे दात पाहिले, खांदा पाहिला, पण खूर उचलून पाहिला नाही, अशातली गत!

बोस्टनची चूक निराळी. ऑगस्ट १९९० मध्ये रेड सॉक्स संघाने ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन हा ३७ वर्षांचा पिचर घेतला आणि जेफ बॅगवेल हा पोरगा दिला. बॅगवेलची जागा बोस्टनच्या मोठ्या संघात एका नामांकित खेळाडूने अडवलेली होती, म्हणून तो जादा वाटला. अँडरसनने काम चोख केले, पण ते किती? अवघे २२ डाव. बोस्टनने गट जिंकला, पुढे सरळ चार सामने गमावले आणि अँडरसन निघून गेला. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होमरन मारले. इथे मात्र दोष देता येतो. पोरगा धाकट्या संघात उत्तम फटकेबाजी करत होता, हे त्या दिवशीही दिसत होते. चार दिवसांच्या कामासाठी दावणीचे चांगले जनावर देऊन टाकायचे नसते.

आणि शेवटी पुन्हा शिकागो. १९०८ नंतर कब्जनी अजिंक्यपद पाहिले नव्हते. जुलै २०१६ मध्ये त्यांनी यँकींकडून अरोल्डिस चॅपमन हा तुफान वेगाचा पिचर आणला. तोही काही महिन्यांपुरताच. बदल्यात चार खेळाडू दिले. त्यांत ग्लेबर टोरेस हा एकोणीस वर्षांचा, अत्यंत होतकरू पोरगा होता. म्हणजे वरवर पाहता बोस्टनचीच चूक. पण संघ अजिंक्यपदाच्या दारात उभा होता, आणि टोरेसच्या जागी खेळणारे तरुण त्यांच्याकडे आधीच होते. २ नोव्हेंबरच्या अखेरच्या सामन्यात दमलेल्या चॅपमनने आघाडी गमावलीदेखील. तरी दहाव्या डावात शिकागोने ८-७ असा विजय मिळवला. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली. डिसेंबरात चॅपमन यँकींकडेच परत गेला. पोरगाही त्यांचा, पिचरही त्यांचा! पण शिकागोत याबद्दल कुणी फारसे हळहळले नाही.

या सगळ्यांतून मला तीन प्रश्न दिसतात. यंदाचे पीक खरोखर हाताशी आले आहे का? आणलेला बैल धडका आहे का, आणि किती दिवस राहणार? आणि खोंड दिल्यावर दावणीला मागे काही उरते का? डेट्रॉइटने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. तिसऱ्याकडे मात्र पाठ फिरवली. त्यांनी स्मोल्ट्झ दिला हे एवढे मोठे पाप नव्हे. त्याच्यामागे दुसरा तयार झाला नाही, हे खरे दुखणे.

शिक्षकबंधूंना एक विनंती करून थांबतो. वर्गात इतिहास शिकवताना आपल्या हाती पुढची पाने असतात. ज्यांनी निर्णय घेतले, त्यांच्या हाती ती नव्हती. एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादा सौदा तोलताना मुलांना प्रथम विचारा, "त्या दिवशी त्या माणसाला काय दिसत होते?" मग विचारा, "दिसत असून त्याने काय पाहिले नाही?" पहिल्या प्रश्नाने माणसाला न्याय मिळतो, दुसऱ्याने आपल्याला शहाणपण. नुसत्या निकालावरून निवाडा करायचा असेल, तर इतिहासाची गरज काय? त्याला धावफलक पुरे आहे.