रंग अजून ओला आहे

आधी धग जाणवते, मग धातूवर धातू आपटल्याचे आवाज. तुम्ही उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी राइज भागात, लॅम्बटन रोडवरच्या ब्रिटन्स कारखान्यात उभे आहात. साल १९०५. समोरचा कारागीर साच्यात शिशाचा रस ओततो आणि लगेच मनगट फिरवून तो पुन्हा भांड्यात रिकामा करतो. काम बिघडलं असं तुम्हाला वाटतं. पण साच्याला टेकलेला पातळ थर तेवढ्या क्षणात गोठलेला असतो. साचा उघडतो आणि खांद्यावर बंदूक घेतलेला शिपाई बाहेर येतो, आतून पोकळ.

हातात घ्या. उंची ५४ मिलिमीटर, वजन अगदी थोडं. धाकट्या विल्यम ब्रिटनने १८९३ साली ही रीत बसवली, तेव्हा दुकानांत जर्मनीहून आलेल्या भरीव शिपायांचं राज्य होतं. पोकळ शिपायाला धातू कमी लागला, म्हणून तो स्वस्त पडला.

आता रंगाच्या टेबलाकडे चला. इथे बायका बसल्या आहेत; कितीतरी जणी हेच काम घरी नेऊनही करतात. लाल अंगरखा, काळी उंच टोपी, गालावर गुलाबी छटा आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. तुमच्या समोरची बाई तो ठिपका ठेवताना श्वास रोखत नाही, मान वाकडी करत नाही. ब्रश टेकतो, उचलतो, पुढचा शिपाई. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याच्या मिशा ज्या सहजतेने ओढलेल्या असतात, तीच ही सहजता. तिचं नाव डब्यावर कुठेच येणार नाही. मला या सगळ्या कारखान्यात सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा हात. एकाच डब्यातल्या दोन शिपायांचे चेहरे हुबेहूब सारखे नसतात, ते तिच्यामुळे.

पलीकडे लाल डब्यांची चळत आहे. पायदळ असेल तर आठ शिपाई, घोडदळ असेल तर पाच स्वार. एका चिठ्ठीवर ‘बॉम्बे’ वाचून तुम्ही थबकता: मुंबई लान्सर्सचे स्वार. खालच्या डब्यात मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री. मुंबई इलाख्याच्या पलटणी लंडनच्या पोरांच्या गालिच्यावर लढायला निघाल्या आहेत.

त्यांच्या मागोमाग आठ वर्षं पुढे या. १९१३. एसेक्समधल्या एका घरात, जमिनीवर, पोटावर आडवा होऊन एक मध्यमवयीन गृहस्थ तोफेवर डोळा लावून बसला आहे. हे एच. जी. वेल्स. १८९५ साली ‘द टाइम मशीन’ लिहून वाचकांना काळात फिरवून आणणारे हेच. याच वर्षी त्यांचं ‘लिटल वॉर्स’ छापून आलं आहे. त्यांच्या शेजारी तुम्हीही गुडघे टेका. पायदळ एका डावात एक फूट चालतं, घोडदळ दोन फूट. तोफेपासून सहा इंचांच्या आत आपली चार माणसं उभी असली, तरच ती डागता येते. स्प्रिंगची तोफ, लाकडी गोळा. खट्! रक्षकांच्या रांगेतला एक आडवा होतो. तो मेला. इथे फासे नाहीत. नेम हाच न्याय. चाल करायला वेळही मोजून मिळतो, म्हणून खोलीत बुद्धिबळाची शांतता नाही, धांदल आहे.

एकाची मान तुटली आहे. मोडक्या मानेच्या पोकळीत आगकाडीचा तुकडा खोचून डोकं परत बसवतात. असे काडीवरच्या मानेचे शिपाई आजही संग्रहांत सापडतात, आणि मला ते कोऱ्या डब्यातल्या शिपायांपेक्षा प्रिय आहेत. ते खेळले गेले आहेत.

खऱ्या युद्धाच्या मानाने हा छोटा खेळ कितीतरी शहाणा, असं वेल्स पुस्तकाच्या शेवटी कळवळून सांगतात. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१९६२ मध्ये क्षणभर थांबा. साउदॅम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन ‘वॉर गेम्स’ लिहितात आणि इतिहासातल्या लढाया घराघरांतल्या टेबलांवर मांडल्या जाऊ लागतात. शिपाई आता लहान झाले आहेत, पुष्कळसे प्लॅस्टिकचे. १९६६ मध्ये ब्रिटन्सचे पोकळ शिशाचे शिपाई ओतणं थांबतं.

आणि तुम्ही आज, या टेबलाशी. हातात तोच शिपाई, लाल रंगाचे टवके उडालेला. शेजारी बारीक ब्रश, ॲक्रिलिकच्या बाटल्या. हात शिवशिवतो, हे मला कळतं. मलाही रंगवायला फार आवडतं. पण इथे ब्रश खाली ठेवा. नवा थर दिलात की त्या बाईने ठेवलेला ठिपका कायमचा झाकला जाईल. रंगवायचंच असेल तर नव्याने ओतलेले शिपाई बाजारात मिळतात, किंवा ज्याचा मूळ रंग पूर्ण गेला आहे असा एखादा घ्या आणि मनसोक्त रंगवा. जुन्याला पाण्याने धुऊ नका, मऊ ब्रशने धूळ झटका. ओकच्या लाकडी कपाटात त्याला ठेवू नका. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशाची पांढरी भुकटी होते. हाताळल्यावर हात धुवा. आणि घरी कुणा आजोबांच्या पेटीत असा एखादा मिळाला, तर भंगारात देण्याआधी त्याचा तळ उलटा करून नीट वाचा.