खोक्यातला कागद

आमच्या गटातल्या एकीने एक छोटी ट्यूब दोन वर्षं कपाटात ठेवून दिली होती. पाळी जाऊन तिला सहा वर्षं झालेली. योनिमार्गात कोरडेपणा, जळजळ, आणि दर दोन-तीन महिन्यांनी लघवीचा जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम लिहून दिलं. लक्ष्मी रोडवरून तिने ते आणलं, चष्मा लावून खोक्यातला घडीचा कागद वाचला. गर्भाशयाचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकार. तिने ट्यूबचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

तिचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. छापलेलं वाचायचं, हे आपणच तर एकमेकींना शिकवतो. पण तो मजकूर त्या कागदावर आला कुठून, ते आज सांगायचंय.

पन्नाशीच्या सुमाराला पाळी थांबते, हे सुश्रुतसंहितेतही आहे. तक्रारी जुन्याच, औषध मात्र नवं. 1929 साली शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा इस्ट्रोजेन वेगळं काढलं. 1942 मध्ये अमेरिकेत प्रेमारिन नावाची गोळी आली, गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेली. (हो, खरंच.) 1966 मध्ये तिथल्या एका डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की ही गोळी घ्या आणि कायम तरुण राहा. खप वाढला. 1975 मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की नुसतं इस्ट्रोजेन पोटात घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. मग सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन द्यायला लागले.

आपल्याकडे हार्मोन या शब्दाला वेगळीच जखम आहे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जास्त डोसाच्या गोळ्या इथे दिवस राहिलेत का ते बघायला दिल्या जात, आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका होता. 1982 मध्ये सरकारने बंदी जाहीर केली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि बंदी पक्की व्हायला 1988 उजाडलं. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य चळवळीने ते लावून धरलं होतं. तेव्हाचे मोर्चे आठवणाऱ्या बाईला आज कोणी हार्मोन लिहून दिलं, तर तिच्या कपाळावर आठी येणारच.

मग आलं 2002 साल. अमेरिकेत 16,608 बायकांवर एक मोठी चाचणी चालू होती. सरासरी वय 63. निम्म्या बायका रोज दोन हार्मोनांची गोळी घेत होत्या, निम्म्या साधी गोळी. जुलैमध्ये चाचणी मध्येच थांबवली. दर 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाचे कॅन्सर 8 जास्त, पक्षाघात 8 जास्त, हृदयविकार 7 जास्त निघाले. जगभर बातमी गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने इस्ट्रोजेनच्या प्रत्येक औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. प्रत्येक म्हणजे, योनिमार्गात लावायच्या मलमावरसुद्धा. चाचणी झाली पोटातल्या गोळीची, आणि इशारा बसला सगळ्यांवर.

आता जरा हिशोब करू. त्या चाचणीतल्या गोळीत रोज 0.625 मिलिग्रॅम इस्ट्रोजेन होतं, म्हणजे वर्षाला सुमारे 228 मिलिग्रॅम. योनिमार्गात ठेवायची 10 मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा वापरली, तर वर्षभराचा डोस होतो 1.14 मिलिग्रॅम. दोन्ही इस्ट्रोजेन एकाच जातीचे नाहीत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो. शिवाय ते बहुतेक जागच्या जागी काम करतं. सुरुवातीला अस्तर पातळ असल्यामुळे रक्तात थोडं जास्त जातं, नंतर कमी. मलम मात्र बोटाच्या अंदाजाने भरपूर लावलं, तर डोस वाढतो. म्हणून सोबतच्या नळीवरची खूण पाहायची.

गंमत म्हणजे 2002 च्या त्याच प्रकल्पात 45 हजारांहून जास्त बायकांची नुसती नोंद ठेवलेलीही होती. 2018 मध्ये ती तपासली, तर योनिमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमध्ये कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये ती 10 मायक्रोग्रॅमची गोळी पन्नाशीपुढच्या बायकांना चिठ्ठीशिवाय मिळू लागली. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने ती काळी चौकट काढत असल्याचं जाहीर केलं. बावीस वर्षं लागली. या बावीस वर्षांत किती जणींनी निमूट जळजळ सोसली असेल, याचा आम्हाला राग येतो.

म्हणून सगळ्यांनी दुकानातून ट्यूब आणावी असं नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मलम नंतर. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. विशेषतः ज्या इस्ट्रोजेन बनणंच थांबवणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी, कारण 2022 च्या डेन्मार्कच्या अभ्यासात अशा बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली वंगणं आहेत.

आमची मैत्रीण तो कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे माझ्या मलमाबद्दल आहे की गोळीबद्दल?" जुन्या ट्यूबची तारीख उलटून गेली होती, ती टाकून दिली, नवी घेतली. आता तिच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी दर सोमवारी आणि गुरुवारी एक छोटं टिंब असतं. सून विचारते, हे कशाचं? आणि ती सांगते.